‘अवे’ म्हणजे लांब

परळच्या आमच्या चाळीत इंग्रजी येणारा मी एकटा. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी तोरा मिरवायचो. गिरगावातल्या शाळेत मास्तरांनी ‘अवे’ शिकवताना हातातला खडू खिडकीबाहेर भिरकावला होता. म्हणाले, "हा गेला, अवे! पळणे, नेणे, फेकणे, कशाच्याही मागे लावा. वस्तू इथून लांब झाली, एवढाच अर्थ." मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

प्लेगच्या पहिल्या हिवाळ्यात तपासणीचा गोरा साहेब चाळीत आला. शेजारच्या काकींच्या सुनेला ताप होता, काखेत गाठ आली होती. काकींनी तिला गोधड्यांच्या ढिगामागे निजवलं होतं. तिचा नवरा गिरणीत गेलेला. शिपायांनी गोधड्या ओढल्या. साहेब तिच्याकडे बघून भराभर काही बोलला. त्यातला शेवटचा ‘अवे’ तेवढा मला लख्ख समजला.

"काय म्हणता रे तो?" काकींनी माझा हात धरला.

सगळी चाळ माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगायचं तर त्याचं मला बरं वाटत होतं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

"थोडे दिवस लांब ठेवणार आहेत," मी म्हणालो. "ताप उतरला की येईल घरी."

"लांब म्हणजे माहीमच्या पल्याड नाय मां?"

"छे! जवळच."

काकी निवळल्या. प्रवासाला निघालेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून हातावर दही देतात, तसं त्यांनी सुनेच्या तापलेल्या तळव्यावर दिलं. तिनं ते चाटलं आणि "येतंय हां" म्हणत शिपायांनी आणलेल्या डोलीत बसली. सोबत जायला काकी उठल्याच नाहीत. मुलगा गिरणीतून येईल, त्याचं जेवण व्हायचं होतं.

तिसऱ्या दिवशी ती गेल्याचा निरोप आला. प्लेगच्या कुठल्या इस्पितळात, कुठल्या छपराखाली गेली, कुठे जाळली, निरोप आणणाऱ्या शिपायाला ठाऊक नव्हतं. मी आणि काकी घोडपदेवापासून माहीमपर्यंत विचारत हिंडलो. त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. परतताना फक्त म्हणाल्या, "खंय नेतत, इतक्या तरी इचारूक होया होता रे."

‘कुठे’ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत होतं. पहिल्याच पुस्तकातला शब्द. साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि मी विचारलं नाही.