गळ्याजवळचं बटण

मनोरुग्णालयाच्या शिवणखोलीत मास्तरांनी एकतीस वर्षं काढली. कोर्टाने धोकादायक ठरवून पाठवलेल्या माणसांच्या कपड्यांची बटणं आणि नाड्या काढायच्या, पुडीत बांधून ठेवायच्या आणि कोर्टाच्या तारखेला पुन्हा लावून द्यायच्या, हे त्यांचं काम. जज्जसाहेबांपुढे माणूस माणसासारखा दिसायला नको?

निवृत्त झाल्यापासून त्यांना सारखा आठवतो तो घड्याळजी. भावाच्या अंगावर हातोडी घेऊन धावला होता म्हणे. दर वर्षी डॉक्टर त्याला तपासून अहवाल द्यायचे, दर वर्षी तो कोर्टातून तसाच परत यायचा आणि मास्तर चरफडत तीच बटणं पुन्हा उसवायचे. अशी नऊ वर्षं गेली.

दहाव्या वर्षी सुटकेचा हुकूम आला. मास्तर त्याच्या सदऱ्याचं शेवटचं बटण लावत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "मास्तर, तुमचंच वरचं बटण लोंबतंय की! आणा ती सुई इकडे."

रुग्णाच्या हातात सुई द्यायची नाही, असा नियम होता. मास्तरांनी दिली. घड्याळजीने त्यांच्या गळ्याजवळ सावकाश चार टाके घातले आणि वाकून दातांनी दोरा तोडला. तोवर मास्तरांनी श्वास घेतला नव्हता.

मास्तरांचा तो सदरा आता पार विटलाय. बायको म्हणते, "अहो, याचं फडकं तरी करू द्या!"

"हात लावू नकोस," मास्तर खेकसतात.

वरचं बटण अजून घट्ट आहे. बाकीची त्यांनी स्वतः लावलेली होती. ती केव्हाच तुटून गेली.