लखूच्या बापाचं नाव

इथले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगू का, निम्म्यांवर हसतो. पिंपळाखालची बाई, घाटात हात दाखवणारी बाई, विहिरीवरची बाई... या बायकांना घरची कामं नसतात का, असं वाटून जातं. आमच्या घरी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव, भगत, अंगारा, भूत, सगळं एका दिवसात बंद झालं. त्यात मी विज्ञान शिकवणारा मास्तर. अमावस्येला पोरांना घेऊन मुद्दाम नदीवर जाणारा. त्यामुळे हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. आज लिहितोय, कारण हे ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्यातला आता मीच तेवढा उरलोय.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा जालना हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. आमचं गाव घनसावंगीजवळ, गोदावरीच्या अंगाला. एकाहत्तरच्या जनगणनेत इतर मास्तरांसारखी माझीही ड्यूटी लागली. दारोदार फिरायचं आणि माणसं लिहायची. काम सोपं, पण एका प्रश्नाला प्रत्येक घरी गाडी अडायची. "बाई, मालकाचं नाव काय?" असं विचारलं की पदर थेट तोंडात! नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, ही समजूत. मग शेजारीण कुडावरून ओरडून सांगायची, नाहीतर शाळेतलं पोरगं सांगायचं. मी वैतागायचो. शिकलेल्या माणसाला वैतागायला फार लागत नाही.

एका संध्याकाळी मी घरी फॉर्म नीट लावत बसलो होतो. बाबा, म्हणजे माझे वडील, दम्याने खाटेवर पडून होते. ते एकदम म्हणाले, "तू गावभराचे बाप लिहून राह्यला. माह्या बापाचं बघ की कुठं."

आमच्या घरात हा विषय कुणी काढत नसे. माझा आजोबा दगडू, बाबा लहान असताना जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला आणि परत आला नाही. एकोणीसशे अठरा, मानमोडीच्या तापाच्या साथीचं ते वर्ष. गावाने आपल्या परीने निकाल लावून टाकला – दगडू कुणा बाईबरोबर पळाला. बाबा जन्मभर 'पळपुट्या दगडूचा लखू' म्हणून जगले. भांडण कशावरूनही असो, बांधावरून, पाण्यावरून, शेवट तिथेच. आजी मात्र मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. मी चौथीत असताना ती गेली. हनुवटीवर गोंदलेलं, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं आणि कपाळावर हे मोठं कुंकू, अशी ती मला आठवते. तिचा एकही फोटो नाही.

"मला काय बी नको," बाबा म्हणाले. "त्यो मेला का पळाला, येवढं कळू दे. मंग मी मरायला मोकळा."

त्यांनी मला तेव्हाच एक गोष्ट सांगितली. आजोबाची वाट पाहून आजी बाबांना आणि धाकट्या दिराला घेऊन जालन्याला चालत गेली होती. जिनिंगच्या फाटकावर मुनशीने विचारलं, नाव काय? दीर म्हणाला, दगडू. मुनशीने हजेरी पाहिली आणि सांगितलं, असा कुणी नाही. "माय तिथंच हुबी," बाबा म्हणाले. "तोंडाला पदर लावून, मुनशीकडं बघून राह्यली. चुलता हात धरून वढतो, तरी हालंना. मला वाटलं, रडून राह्यली."

मी शोध सुरू केला. जुने कागद उर्दूत. माझ्या शाळेतले युसुफ सर उर्दूवाले, त्यांना बरोबर घेतलं. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं एसटीने कधी अंबडला तर कधी जालन्याला जायचो. निजामाच्या काळातली मर्दुमशुमारी, म्हणजे तेव्हाची जनगणना, मिळाली, मला केवढा आनंद! पण तिच्यात गावात किती बाप्ये, किती बाया, किती विहिरी एवढेच आकडे. माणसाचं नाव एक नाही. मग मृत्यूच्या नोंदी काढल्या. मानमोडीच्या वर्षाची पानंच्या पानं भरलेली... युसुफ सर वाचता वाचता मध्येच थांबायचे, चष्मा पुसायचे. दगडू नावाचे दोनच सापडले. एक कुंभाराचा म्हातारा, दुसरं तान्हं पोर. आमचा दगडू कुठेच नाही.

म्हणजे मेल्याची नोंद नाही, म्हणजे तो जिवंत होता, म्हणजे गाव म्हणतं तेच खरं! मी विज्ञानाचा मास्तर, निष्कर्ष काढायला मला वेळ लागला नाही. बाबांना हे कसं सांगायचं, एवढाच प्रश्न होता. ते रोज विचारायचे, मी रोज "अजून बघतोय" म्हणायचो.

शेवटी युसुफ सर म्हणाले, जालन्यात मस्तगडला माझी एक खाला, म्हणजे मावशी, राहते. तिचे वडील त्या काळी जिनिंगवर जमादार होते. म्हातारीची सत्तरी आली आहे, तिला काही आठवतं का विचारून पाहू. मी फारशी आशा ठेवली नव्हती. शनिवारची अर्धी शाळा उरकून आम्ही निघालो. थंडीचे दिवस होते, टळटळीत दुपार. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्ही म्हणाल अंधार होता, वारा होता. तसलं काही नव्हतं. अंगणात खाला सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि दोन कोंबड्या तिच्याभोवती फिरत होत्या. युसुफ सर तिला ईदनंतर भेटलेच नव्हते. आम्ही येतोय हे तिला कुणी कळवलेलं नव्हतं.

"सलाम खाला," युसुफ सर म्हणाले. "ये हमारे साथ के मास्तर, घनसावंगी के..."

"मालूम है," खाला म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मोतीराम का पोता ना तू? बैठ बेटा. कब से राह देख रई मैं."

मी हसलो. म्हातारीची काहीतरी गल्लत झाली असणार. म्हणालो, "नाही खाला, माझ्या आजोबांचं नाव दगडू."

"वोच तो! वो बोली थी, पोट्टा आके दगडू बोलेगा करके."

"कौन बोली?" युसुफ सरांनी विचारलं.

"इसकी दादी. जुम्मे को आई थी."

माझ्या अंगावर काटा आला, असं लिहायची इथे पद्धत आहे. मला काटा आला नाही. मला राग आला. कुणीतरी थट्टा करतंय असं वाटलं आणि मी युसुफ सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

खाला तिच्या दख्खनीत सांगत गेली. शुक्रवारी दुपारी दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. हनुवटीवर गोंदण, पायात वहाण नाही, डाव्या डोळ्यात फूल. खालाला वाटलं, काही मागायला आली असेल. पण ती म्हणाली... आणि इथे खालाने तिची मराठी जशीच्या तशी बोलून दाखवली... "माहा नातू यील. त्यो दगडू म्हणून इचारील. त्याला सांगा बाई, त्यांचं नाव मोतीराम."

"और नाम लेते वखत ऐसा पल्लू लिया," खालाने आपली ओढणी कपाळावर ओढून दाखवली. "नई दुल्हन जैसी शरमाई. मेरेकू हंसी आई, इत्ती बुड्ढी औरत!"

मोतीराम हे नाव आमच्या घरात कुणी कधीच ऐकलं नव्हतं. पण खालाला ते लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांच्या ओसरीवर जिनिंगचा एक मजूर राहायचा, तो मोतीराम. मानमोडीत तो तापाने फणफणला. तिच्या आईने त्याला पाणी पाजलं, वडिलांनी गाव विचारलं. तो म्हणाला, गंगेच्या काठी. आता आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिच्या काठी काय एक गाव आहे? पुढे त्याची शुद्धच गेली. तो मेल्यावर तिच्या वडिलांनी आणि आमच्याच समाजाच्या दोन मजुरांनी त्याला कुंडलिकेच्या काठी पुरलं.

"बुखार में एकच बात बोलता था," खाला म्हणाली. "लखू को बोलो, मैं निकला करके. हम सोचे, लखू इसका भाई होगा."

बाबांना गावात लखू म्हणतात हे मी युसुफ सरांनाही कधी सांगितलं नव्हतं. शाळेच्या कागदांवर ते लक्ष्मण होते. एवढा वेळ मी उभा होतो, ते ऐकून मात्र तिथेच जमिनीवर बसलो. खालाला अजून काही सांगायचं होतं. पण माझ्यात ऐकायचं बळ नव्हतं, आणि एसटीही गाठायची होती.

पुढच्या सुट्टीत आम्ही त्याच नोंदी पुन्हा काढल्या, या वेळी मोतीराम शोधायला. पूर्वी याच पानावरून आम्ही दोनदा गेलो होतो. मोतीराम, जिनिंगचा मजूर, तापाने मृत्यू. बापाचं नाव आणि गाव, नामालूम. युसुफ सरांनी ती ओळ पुन्हा एकदा मोठ्याने वाचली.

बाबांना सगळं सांगितलं. ते खाटेवर उठून बसले.  मग म्हणाले, "मंग पळाला न्हाई?"

"नाही बाबा. घरी निघाले होते."

म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, लपवत नाही. नंतर त्यांनीच मला उलगडून सांगितलं. त्यांच्या बापाच्या आधीची सगळी भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून याचं खरं नाव कुणाला कळू द्यायचं नाही, दगडू म्हणायचं, म्हणजे मरणाची नजर दगडावर जात नाही, अशी तेव्हाची रीत. असं खरं नाव सासू लग्नात फक्त सुनेच्या कानात सांगायची. जालन्याला गेल्यावर त्याने तेच खरं नाव लावलं असणार. परमुलखात दगड म्हणून कशाला राहायचं? आणि जिला ते नाव ठाऊक होतं, तिला ते उच्चारायची बंदी!

"फाटकावर मला वाटलं, माय रडून राह्यली," बाबा म्हणाले. "ती नाव गिळत हुती रे. नवरा जगावा म्हणून." तिने तेव्हा नाव घेतलं असतं, तर तिथल्या तिथे सगळं कळलं असतं. हे आजीला नंतर कधीतरी उमगलं असेल का? आणि उमगलं असेल तर ती कशी जगली असेल? मला अजूनही त्यावर विचार करवत नाही.

बाबांनी हट्टच धरला, मला त्या बाईकडे ने. दम्याचा माणूस, पण एसटीत ताठ बसून आला. आधी कुंडलिकेच्या काठी आम्ही मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण म्हटलं. नेमकी जागा कुणालाच ठाऊक नव्हती. मग मस्तगडला गेलो. खालाने चहा केला. बाबा कप हातात धरून बसले आणि जे मला कधी सुचलं नसतं ते त्यांनी विचारलं.

"बाई, माही माय... उपाशी दिसत हुती का?"

"नई रे बाबा, अच्छी थी," खाला म्हणाली. "मैं बोली, आओ, बैठो, चाय पिओ. तो बोली, न्हाई बाई, बसत न्हाई. ते थांबलेत भाईर."

बाबांनी कप खाली ठेवला. "ते? कोण ते?"

"मैं परदे की औरत, गल्ली में कायकू झाँकूँ? पर कोई खाँसा था. मरद लोगाँ खाँसते ना, जल्दी चल बोलके, वैसा."

बाबा उठले आणि बाहेर गल्लीत गेले. मी दारातून पाहत होतो. गल्ली रिकामी होती, एका दारापुढे सायकल उभी, पलीकडे कुणीतरी पापड वाळत घातलेले. बाबा भिंतीला हात लावून उभे होते. खूप वेळाने त्यांनी त्या रिकाम्या गल्लीला वाकून नमस्कार केला. दीक्षेनंतर त्यांना कशापुढे असं वाकताना मी कधी पाहिलं नव्हतं. 

नंतर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. खालाने लहानपणी ऐकलेलं आणि स्वप्नात पाहिलेलं एकात एक मिसळलं असेल? असेल. पण डोळ्यातलं फूल? आणि मी तोंड उघडायच्या आत मला कुणाचा नातू म्हणून ओळखलं ते? युसुफ सर शेवटपर्यंत म्हणायचे, यावर बोलायला नको. एकदा मी बाबांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं, हे कसं झालं असेल?

"जिनं जित्तेपणी त्यांचं नाव घेतलं न्हाई," बाबा म्हणाले, "ती मेल्यावर येवढ्या लांब चालत जाऊन घेऊन आली. अन् तू तिला कामून, कसं काय, इचारून राह्यला?"