प्रार्थनेची हजेरी

गावच्या शाळेतल्या पाटकर बाई नसत्या, तर मी पदवीधर झालो नसतो आणि फौजदारही. एका तपासाबद्दल मी फक्त त्यांनाच मोकळेपणाने लिहिलं. तो तपास अजून मनातून गेलेला नाही.

मी तेव्हा कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात होतो. शहराबाहेरच्या खासगी धार्मिक विद्यापीठाच्या वसतिगृहातून पहिल्या वर्षाची मुलगी बेपत्ता झाल्याची नोंद बुधवारी संध्याकाळी झाली. वडील वागळे इस्टेटमध्ये कामगार. घरात कॉलेजला गेलेली ती पहिलीच. बुधवारच्या पहाटप्रार्थनेला ती हजर, असं रजिस्टर सांगत होतं. म्हणून आम्ही त्यानंतरचंच रेल्वे स्टेशनचं फुटेज पाहत बसलो. काही सापडेना.

गुरुवारी दुपारी मेसमधल्या मावशींनी आमच्या हवालदाराला बाजूला घेतलं. "तिच्या नंबरचं ताट मंगळवार रात्रीपासून मांडणीवरून हललं नाय. मेलं तुमचं रजिस्टर."

प्रार्थनेला मुली पांढरी ओढणी डोक्यावरून घेऊन, मान खाली घालून बसत. रेक्टर नंबर पुकारत, वर पाहत नसत. तीन गैरहजेऱ्या झाल्या की परीक्षा बंद. रेक्टरना बाहेर बसवून मी तिच्या मैत्रिणीला विचारलं, "तिच्या नंबरला 'हजर' कोण म्हणालं?"

आमची महिला अंमलदार म्हणाली, "बोल गं. साहेब दिसतात तेवढे वाईट नाहीत."

"सर, मी. तिच्या दोन झालेल्या. मला वाटलं, येईल सकाळपर्यंत. मंगळवारी दुपारी गेलेली. दोन विषय राहिलेत, पप्पांना काय सांगू, म्हणत होती."

मंगळवारच्या फुटेजमध्ये ती ठाकुर्लीला उतरताना दिसली. ते ऐकताच वडील म्हणाले, "तिथं आमची जुनी शेजारीण राहते." त्याच रात्री ती तिथे सापडली. कॉलेजला सुट्टी आहे, असं सांगून राहिली होती. पर्समध्ये शुक्रवार सकाळचं सुरतचं तिकीट होतं. तिथे काम देणाऱ्या माणसाचा तिने फक्त आवाज ऐकला होता, फोनवर.

वडील तिला म्हणाले, "दोनच विषय ना? मी दहावीला तीनदा बसलोय. चल."

नोंदवहीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. नंतर विद्यापीठाने खोटी हजेरी देणारीचं नाव मागितलं. त्या आठवड्यात मी बाईंना लिहिलं:

"ती. बाईंना सा. नमस्कार. मी त्या मैत्रिणीचं नाव दिलेलं नाही. दिलं तर तिची परीक्षा बुडेल. तिच्या एका शब्दाने आमचा जवळजवळ दिवस गेला, हेही तिला समोर बसवून सांगितलं. रडली. भातलावणीच्या दिवसांत मी शेतावर असायचो आणि तुम्ही माझी हजेरी मांडायचात. तिनेही तेच केलं, असं आधी वाटलं. मग आठवलं, की त्या प्रत्येक संध्याकाळी तुम्ही चिखल तुडवत बांधावर यायचात आणि मला डोळ्यांनी पाहूनच परत जायचात."