हंड्यांची रांग आणि वैदेहीआत्या

आमची वैदेहीआत्या ऐकत नाही. कुणाचंच. वाळूजच्या कंपनीत सहा वर्षं तिनं हेल्पडेस्कवर "बंद करून परत चालू करा" एवढंच म्हटलं. तिथं बसूनच तिनं ठरवलं, कंपनीचं हे सॉफ्टवेअर मोडून त्याचे तुकडे करायचे.

कारण गेट, गोदाम, कँटीन सगळं एकातच गुंतलेलं. कँटीनवाल्यानं कॉम्प्युटरवरच्या मेनूत पोहे काढून उपमा टाकला की गेटची नोंद ठप्प, ट्रक पार हमरस्त्यापर्यंत! हेल्पडेस्क सोडून आत्यानं मांडलेला आराखडा असा, की प्रत्येक खात्याची सर्व्हिस, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, वेगळी आणि एकमेकांशी बोलायचं ते फक्त निरोपानं.

तिचे साहेब हिमांशू सर. फोन स्पीकरवर असतो, म्हणून मला ते पाठच आहेत. नाक दाबून बोललं की झाला त्यांचा आवाज: "म्याडम, गोदाम बंद पडलं तर गेट निरोप देणार कुणाला? हां? भिंतीला?"

आत्या रोज रात्री आराखडा खोडून परत काढत बसायची. रविवारी चाचणी. फसली तर परत हेल्पडेस्क.

दुष्काळाचं वर्ष. आमच्या कॉलनीत इमारती रोज वाढायच्या, नळ आठवड्यानं यायचा. शनिवारी टँकरसाठी गेलो तर चाळीस हंडे रांगेत, माणूस एक नाही.

"माणसं कुठं गेली?" आत्यानं विचारलं.

शेजारची सरूबाई सावलीतनं ओरडली, "माणसाचं काय काम? हंडा उभा हाय म्हंजी मी उभी हाय! टँकर यील तवा यील. माझ्या हंड्याला लाल चिंधी हाय. हात तर लावू दे कुणाला!"

आत्या हंडा माझ्या हातात कोंबून घरी पळाली. संध्याकाळपर्यंत तिनं आराखड्यात मधोमध एक रांग बसवली. गेटनं खूण लावून निरोप रांगेत ठेवायचा नि मोकळं व्हायचं. गोदाम जागं झालं की नंबरानं उचलेल.

रविवारी फोनवर सर आणि गेटवरचे सर्जेराव. सगळं नीट चाललेलं, तेवढ्यात आत्यानं स्वतःच गोदामाची सर्व्हिस बंद केली.

"म्याडम! कुणाला विचारून?"

"सर्जेराव, गाड्या घ्या आत."

"घेतो ना ताई. ही एक झाली. दुसरी बी. लई सुसाट हाय हे!"

तीन ट्रक आत गेले. मग तिनं गोदाम चालू केलं. तिन्ही नोंदी ओळीनं हजर.

सर बराच वेळ खाकरले. "तरी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"तुम्हाला परत हेल्पडेस्कला पाठवायचं पत्र टाइप करून ठेवलंय, म्याडम."

"रांगेत ठेवा, सर. नंबर आला की बघू."

पत्र काही आलं नाही. पुढच्या महिन्यात कँटीननं परत पोहे सुरू केले, अन् गेटवर कुणाला पत्ताही नाही.