पायरीवरचा श्रोता

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका हॉटेलात मी रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचत असे. कापसाच्या जिनिंग कारखान्यात गाठी उचलणारा एक माणूस बाहेर पायरीशी उभा राहून ऐके. बौद्ध झाला होता, पण त्याचा कप अजून बाहेरच्या कोनाड्यातच असे. चहा पिऊन तो स्वतःच कप विसळून पालथा ठेवी.

१९६० साली एकदा बातमी आली, की अमेरिकेत गोऱ्यांच्या हॉटेलात काळी पोरं कॉफी मागत बसून राहतात, मारलं तरी उठत नाहीत. आम्हाला अमेरिका म्हणजे तिथून येणारा रेशनचा लाल गहू. हा मात्र रोज विचारी, "भेटली का जी त्यायले कॉफी?"

"नाही अजून."

उन्हाळा सरला आणि एका सकाळी मी म्हणालो, "मिळाली बरं का!"

"म्हंजे बसा लागते," तो म्हणाला आणि चपलेसकट आत येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला. मालकानं कोनाड्यातला त्याचाच कप आणून त्यात चहा दिला. पिऊन झाल्यावर सवयीनं तो कप विसळायला उठला, थबकला, आणि कप टेबलावरच ठेवून निघून गेला.

बराच वेळ तो उष्टा कप तसाच होता. मग मालकानं उचलला, विसळला आणि आमच्या कपांच्या रांगेत ठेवला.