वसंताला न सापडणारा ब्रेक

वसंता गेल्याचा फोन त्याच्या मेहुणीनं केला, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो... वाटेत रडू आलं नाही, स्वतःचाच राग आला. महिना होऊन गेला, तो अजून उतरलेला नाही.

शाळेच्या ऑफिसात आम्ही दोघांनी शेजारशेजारच्या टेबलांवर नोकरी काढली. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्याच्या बायकोला, मालतीवहिनींना, अर्धांगवायू झाला आणि वसंता घरात अडकला. सहा वर्षं. मूलबाळ नाही. भरवणं, कूस बदलणं, औषधं, सगळं तोच करायचा. रविवारी तेवढी मेहुणी यायची, मग दोन तास हा वडिलांच्या जुन्या विलायती सायकलीचा ब्रेक शोधायला बाहेर पडायचा. वायरचा नव्हे, सळयांचा ब्रेक. पुढच्या चाकाशी रबराचे गुटके धरणारा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा तुकडा मोडला होता आणि आपल्याकडचा नवा तुकडा अर्धं बोट आखूड पडायचा. जुना बाजार, भंगारवाले, सायकलची दुकानं... आणि हात हलवत परत. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं तर त्याला लांबूनच पाहून हात जोडले होते, “साब, नै मिलता, कित्ती बार बोलूँ?” वसंता त्याच्याचकडं चहा पिऊन यायचा आणि घरी हे खुशीत सांगायचा.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण लोकांची कामं उरकून द्यायची माझी खोड. मैंदर्गीला लग्नाला गेलो होतो, तिथं एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर नेमका तो तुकडा मिळाला. लढाई जिंकल्यासारखा घेऊन आलो आणि उभ्याउभ्या बसवूनही दिला. वसंता सायकलीकडं बघत राहिला.

“आनलास व्हय,” म्हणाला. “बरं झालं की... लई वर्सं चाललं होतं.”

पुढच्या रविवारी तो घरीच होता. त्याच्या पुढच्याही. बायको अंथरुणाला खिळलेली असताना ‘जरा नुसता फिरून येतो’ असं म्हणणं त्याच्यानं झालं नसतं. आमच्या गल्लीत तसं कुणी म्हणतही नाही, बाहेर पडायला काहीतरी काम लागतं. महिनाभरानं वहिनींनी मला जवळ बोलावलं. त्यांचे शब्द जड यायचे.

“भावजी, सायकलीचं दुसरं कायतरी मोडा की.”

“काहीतरीच काय, वहिनी!” म्हणून मी हसलो. पुढच्या रविवारी खिशात पाना टाकून गेलोही, पण वसंता सायकलीशेजारीच बसलेला. त्याच्यादेखत कसं मोडणार? राहूनच गेलं. चौथ्या महिन्यात त्याचं हृदय बंद पडलं. ब्रेक मिळाला म्हणून माणूस मरत नाही, हे मलाही कळतं. पण ते चार महिने त्याला मी कोंडून घातलं, एवढं खरं.

आता मेहुणी तिथंच राहते. रविवारी ती बाजारात जाते तेव्हा वहिनींपाशी मी बसतो. पंखा फिरत असतो. परवा अर्ध्या तासानं त्याच म्हणाल्या,

“जावा की भावजी. काम आसंल तुमचं.”

मी काम आठवायला लागलो... एकही आठवेना.