काहिलीचे कासव

शिल्पकार वत्सलाताईंची आणि माझी पहिली भेट आमच्या परड्यात झाली. गुऱ्हाळ बंद पडल्यावर उसाचा रस उकळण्याची आमची मोठी काहील तिथे पालथी पडली होती. तिच्याखाली कोंबड्या बसत. सांगलीहून आलेल्या ताई तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "आवं बाई, ह्ये कासव मला द्या."

"कोंबड्यांना विचारा," मी म्हणाले.

त्या काहिलीचे त्यांनी खरोखरच कासव केले. पाठ काहिलीची, पाय चरकाच्या दातेरी चाकांचे. कृष्णेच्या घाटावर ते आजही आहे. पाठीवरची काजळी त्यांनी मुद्दाम राखली. "किती जणांनी हिच्याखाली जाळ घातलाय. त्ये काळं पुसायचं न्हाई," असे त्यांनी बजावले होते.

पुरानंतर कासव गाळात रुतले, तेव्हा या वयात ताई स्वतः घमेले घेऊन चिखलात उतरल्या. माझे गुडघे त्यांना ठाऊक; मला त्यांनी काठावर खुर्ची दिली. "तुमी नुसतं रागवा. त्ये तुमाला जमतं."

अशा ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही काय केले, तेही या गौरवग्रंथात यायला हवे. आमच्या सत्कार समितीने कासवाला सोनेरी रंग दिला. देवळापुढच्या कासवासारखे लखलखावे म्हणून! भोवती साखळी लावली, 'वर बसू नये' अशी पाटी ठोकली. ठराव एकमताने झाला. अध्यक्ष मी होते.

समारंभाची जागा पाहायला ताई घाटावर आल्या आणि थबकल्या. आता त्या सत्कारच नाकारणार, असे मला वाटले. नाकारला असता तर ते योग्यच झाले असते. मान वर करायची माझी छाती झाली नाही.

पाठीवर हात फिरवत त्यांनी विचारले, "काजळी खरवडली व्हय?"

"नाही. वरूनच रंग मारला."

"मग आळस कामाला आला म्हणायचा." त्या किंचित हसल्या. "ती साखळी काढा. पोरं बसू द्यात. चड्ड्या घासून घासून उडंल रंग. मी येते सत्काराला."

पाटी मी स्वतः उपटली. आता शेपटीजवळ रुपयाएवढे काळे दिसू लागले आहे. शरमेपोटी वाटते, सगळा रंग उद्याच जावा. पण शेवटचा सोनेरी ठिपका जाईपर्यंत ताईंनी धडधाकट राहून घाटावर येत राहावे, ही आम्हा सर्वांची इच्छा आहे. म्हणून पोरांना मी सांगून ठेवले आहे: बसा, पण घाई करू नका.